तळ्यावरच्या शांततेचा वाद

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पोलंडमधल्या ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे एका बाईनं शेजारणीला सासूच्या तक्रारी सांगत सांगत माझा कागदी पडदा चिकटवला. त्यामुळेच असेल, पण लोकांचं बोलणं ऐकायची गोडी मला तेव्हापासून लागली.

वूच शहरातल्या लुदविकाबाईंनी मला विकत घेतलं. त्या संगीतशाळेत शिकवायच्या. घरी आलेले विद्यार्थी माझ्यासमोर बसून तबकड्या ऐकत आणि ‘काय गोड आवाज आहे!’ म्हणत. मी फुगून जायचो. पुढे बाई निवृत्त झाल्या, घरात संगणक आला आणि त्यांनी मला त्याला जोडलं. मग माझ्या आयुष्यातली खरी गंमत सुरू झाली.

जुन्या, नामवंत दिग्दर्शकांच्या सिनेमांवर वाद घालणारा एक मंच इंटरनेटवर होता. तिथे बाईंचं नाव होतं ‘तिसरी रांग’. टाइप करताना मोठ्यानं बोलायची त्यांना सवय, म्हणून सगळं भांडण मला ऐकू यायचं. त्यांचा खास वैरी ‘साळिंदर’ नावाचा कुणी माणूस होता.

वाद एका हंगेरियन सिनेमाच्या शेवटावर पेटला. मुलगा गमावलेली एक आई गोठलेलं तळं ओलांडत निघून जाते, एवढंच ते दृश्य. बाई म्हणत, “तिथे व्हायोला वाजतो. मी तरुणपणी थिएटरात ऐकलाय.” (व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा जरा जाड आवाजाचा भाऊ.) मंचावरचे बाकीचे म्हणत, तिथे काहीही वाजत नाही, आणि ती शांतता हाच सिनेमाचा अर्थ. आईनं हाक मारली आणि देवानं उत्तर दिलं नाही! या शांततेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. सगळ्यांकडे टीव्हीवरून उतरवून घेतलेली एकच प्रत होती आणि तिच्यात खरोखरच शांतता होती. मूळ प्रत हंगेरीतही कुणाला सापडत नव्हती.

साळिंदरानं लिहिलं, “आजीबाई, तो व्हायोला तुमच्या शेजाऱ्याकडे वाजत असेल.”

बाईंनी कीबोर्डच्या कळा बडवत उत्तर दिलं, “माझा शेजारी ट्रॉम्बोन वाजवतो, गाढवा!”

त्याच दिवसांत माझ्या पडद्याच्या कडेची स्पंजाची पट्टी झिजून फाटली. मी घरघरू लागलो. बाईंची भाची किंगा हिनं दोन चिमुकले प्लॅस्टिकचे स्पीकर आणले आणि मला तळघरात, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी नेऊन ठेवलं. मित्रांनो, इतकी वर्षं गाऊन शेवटी बरण्यांची सोबत! मला फार वाईट वाटलं.

वर काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. किंगाची आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, शेवटी सगळं विसरून गेली होती. त्यामुळे न वाजलेल्या व्हायोलासाठी मावशी लोकांशी भांडते आहे हे पाहून किंगा धसकली.

“मावशी, आईचंही असंच सुरू झालं होतं,” ती म्हणाली. “मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. शनिवारी नुसतं पाहून तर येऊ.”

आणि खरं सांगतो, बाईही मनातून हादरल्या होत्या. व्हायोला खोटा निघाला, तर बाकीच्या आठवणींचा तरी काय भरवसा? पण त्या हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आमच्याकडे टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला, की त्यातल्या झाडून सगळ्या पात्रांचं बोलणं एकच माणूस सपाट आवाजात वाचून दाखवतो. नायक तोच, नायिकाही तोच आणि रडणारं बाळही तोच. शेवटी तो अनुवादकाचं आणि स्वतःचं नाव वाचतो. एके दिवशी चहा पिताना बाईंच्या लक्षात आलं, की तो बोलू लागला की मागचा आवाज दाबला जातो. तळ्याच्या दृश्यावरही तो नावं वाचतो! आवाज त्यासाठी दाबला असेल आणि सिनेमा संपतच आलाय म्हणून पुन्हा वर केलाच नसेल. पण इतका दबलेला आवाज त्या चिमुकल्या स्पीकरांतून ऐकू येणं शक्य नव्हतं; त्याला मीच हवा होतो.

त्यांनी तडक मंचावर लिहिलं, “साळिंदर, हिंमत असेल तर शनिवारी सकाळी घरी या. येताना चांगला डिंक आणा.” आणि खाली पत्ता दिला.

तो आला. रेमिगियुश त्याचं नाव. दातांच्या कवळ्या बनवणारा, लाजाळू माणूस. मंचावर एवढे काटे, आणि दारात टोपी हातात घेऊन उभा!

“नमस्कार बाई. ते गाढव मीच.”

“या आत. तळघरातून एक जड वस्तू आणायची आहे.”

त्यानं मला छातीशी धरून चार मजले वर आणलं. कवळ्यांच्या नाजूक हत्यारांनी फाटकी पट्टी काढली आणि नवी चिकटवली. डिंक वाळेपर्यंत बाईंनी त्याला सफरचंदाचा केक खायला घातला आणि त्या शेवटाची चाल गाऊन दाखवली. “नीट लक्षात ठेवा. नंतर म्हणाल, ऐकून गायली.”

एवढ्यात बाईंना वृद्धाश्रम दाखवायला न्यायला किंगा आली. बाई म्हणाल्या, “बस. हे खोटं निघालं, तर मी मुकाट्यानं येते.”

मला संगणकाला जोडून त्या सिनेमाचा शेवट लावला आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. आधी नावं वाचणाऱ्याची गर्जना निघाली. खिडक्या थरथरल्या, आणि वरच्या मजल्यावरून कुणी जमिनीवर काठी आपटली. मग आली ती शांतता. तिच्यात खरखर होती. पट्टी पुन्हा फाटली तरी चालेल, असं मी ठरवलं आणि त्या खरखरीच्या तळाशी जे होतं ते सगळं जोर लावून बाहेर काढलं.

चाल तीच होती. स्वर न् स्वर तोच.

रेमिगियुश उठून उभा राहिला. “पण बाई, हा व्हायोला नाही. ही... ही तर ती आई गुणगुणतेय.”

लुदविकाबाईंनी कान माझ्या जाळीला लावला. त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्या हसल्या. “चुकले मी. व्हायोला नाही. पण ऐकलं होतं, ते खरंच होतं.”

“म्हणजे ती देवाच्या उत्तराची वाट बघतच नाहीये,” रेमिगियुश पुटपुटला. “आमचा सगळा अर्थच कोसळला.”

“कोसळू दे. नवा शोधू. पोराला झोपवताना गात असेल ती.”

किंगा दारापाशीच उभी होती. डोळे पुसत म्हणाली, “आईला शेवटी माझं नावही आठवत नव्हतं. पण केस विंचरायला बसले की गुणगुणायची. मला वाटायचं, तिला आता काहीच कळत नाही.”

बाईंनी आपली खुर्ची तिच्यासाठी ओढली. “हे मंचावर लिही. अगदी असंच लिही.”

किंगानं कोट काढला आणि कळांवर बोटं ठेवली. वृद्धाश्रमाची ती भेट राहूनच गेली.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातली एखादी जुनी वस्तू किंवा एखादं जुनं माणूस गप्प झालं, तर ते रिकामं झालं असं समजू नका. फाटलं असेल तिथे चिकटवा, जवळ बसा आणि ऐकत राहा. मी अजून वाजतो आहे आणि वाजत राहणार आहे. आता दर शनिवारी या घरात तिघं जण भांडतात.