परातीला कावीळ

माझी बायको बसम्मा गेली, हे मला परभणीच्या दवाखान्याच्या जिन्यात कळलं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी सांगितलं, कावीळ उतरवून घेत होतो.

जिंतूरजवळ परमेश्वरबाबाच्या ओट्यावर दर रविवारी गर्दी असते. बाबा आधी रोग्याच्या हातांना तांब्यातलं तीर्थ चोळतो. मग परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो. स्वच्छ पाणी बघता बघता पिवळं होतं. निघाली कावीळ, म्हणतो. बसम्माचंही पाणी दर खेपेला पिवळं झालं. बरं वाटतंय, म्हणायची. आम्ही सगळे परातीत बघत होतो. तिचे डोळे तसेच पिवळे होते, तिकडं कुणी बघितलं नाही.

महिन्याभरानं माझ्या धाकट्या भावाच्या, विरेशच्या पोरीचे डोळे पिवळे झाले. तो शिवानीला घेऊन तिकडंच निघाला. मी अडवलं.

"दादा, वैनीचं नशीब. पाणी पिवळं होताना मी ह्या डोळ्यानं बघितलंय."

मीही बघितलं होतं. सोबत गेलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. परातीत निघालेली कावीळ बसम्माच्या अंगात राहिली कशी?

शिवानीची पाळी आली. बाबानं तांब्या उचलला. मी तो काढून घेतला आणि तीर्थ सरळ परातीत ओतलं. कुणाचा हात लागला नव्हता. पाणी पिवळं झालं.

"शिवरुद्रअप्पा, ही तुमच्या घरवालीची उरलेली हाय," बाबा म्हणाला. "घर सोडंना झालीय."

विरेश परातीकडं बघत राहिला. "मग आता परातीला कावीळ झाली म्हणायची का, बाबा?"

एक म्हातारी हसली. विरेशनं पोरीला गाडीवर बसवलं.

ते तीर्थ म्हणजे आंब्याच्या झाडाच्या सालीचा काढा, हे नंतर कळलं. शाळेतल्या नागेश सरांनी तसाच काढा मुलांसमोर चुन्याच्या पाण्यात घालून दाखवला. तो चोळला तर धडधाकट माणसाच्या हातानंही पाणी पिवळं होतं. आम्हाला दिसलं ते खोटं नव्हतं. त्यावरून धरलेला अर्थ चूक होता. म्हणून डोळ्यांनी दिसलं तरी एकदा उलटसुलट करून बघा. आणि कावीळ वाटली तर आधी रक्त तपासा.

शिवानी सरकारी दवाखान्यात आहे, जेवायला लागली आहे. बाबाचा ओटा चालू आहे. पोलिसांत तक्रार द्यायची राहिली आहे. साक्षीला विरेश येतो म्हणाला. ओट्यावरचं दुसरं कुणी अजून हो म्हणालेलं नाही.