लिफ्टच्या छतावरून

लिफ्टची दुरुस्ती हा ज्या गृहस्थांचा व्यवसाय, त्यांचीच थोरली मुलगी लिफ्टमध्ये पाऊल ठेवीत नसे, ही गोष्ट त्या इमारतीत सर्वांच्या करमणुकीचा विषय झाली होती. घर नवव्या मजल्यावर. तेरा वर्षांची ती मुलगी पाठीवर दप्तर घेऊन सारा जिना चढे आणि दारात येईपर्यंत तिच्या छातीचा भाता झालेला असे. लिफ्टचे दार नुसते मिटताना पाहिले तरी तिचे तळहात घामाने भिजत.

शेजारच्या बिऱ्हाडात राहणारी आत्या या विषयावर बोलण्याची संधी सहसा दवडीत नसे.

"लिफ्टवाल्याची लेक जिन्यानं चढते. गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवतोस रे?"

"आक्का, उपचार चालू आहेत तिच्यावर."

"उपचार कसले? ती बाई गप्पा मारते. गप्पांनी भीती जात असती तर ही अख्खी इमारत मी एकटीनं बरी केली असती."

ती बाई म्हणजे शाळेतील समुपदेशक. त्यांची पद्धत संथ होती. मुलीने प्रथम लिफ्टसमोर नुसते उभे राहावे, मग उघड्या दाराने आत जावे, मग वडिलांसमवेत एकच मजला चढावा. पुढचे पाऊल मात्र तिने म्हटल्याखेरीज टाकायचे नाही आणि ती थांबा म्हणाली की थांबायचे.

"लिफ्ट कोसळेल असं तिला वाटत नाही," बाई वडिलांना म्हणाल्या होत्या. "आत अडकले आणि हाक मारली तर कुणी ऐकणार नाही, असं वाटतं. तुम्ही ऐकता हे तिला पटू द्या. औषध तेवढंच आहे."

वडिलांनी मान डोलावली. तथापि ज्याचे आयुष्य यंत्रांत गेले, त्याला बिघाड हा यंत्रातच दिसतो. मुलीला दोरांचा भरवसा नाही, असेच त्यांच्या मनाने घेतले.

उपचार लागू पडत होता. एके दिवशी मुलगी आपण होऊन म्हणाली, "बाबा, आज दार लावून बघू. पण एकच मजला हं." दोघे एक मजला वर गेले. उतरल्यावर ती हसली, आणि घरी पोहोचेपर्यंत तिने वडिलांची बाही सोडली नाही.

जेवताना आत्या म्हणाली, "एक मजला? या चालीनं वर पोचेपर्यंत हिचे केस पिकतील. तुला पोहायला कसं शिकवलं होतं, आठवतं?"

"पाण्यात ढकललं होतं."

"मग बुडालास का?"

हा दाखला त्यांना पटला, आणि तेथेच मुलीचा घात झाला.

पुढच्या रविवारी ते मुलीला म्हणाले, "तू आत उभी राहा, दार उघडंच असेल. मी वर जरा तेलपाणी बघतो."

"मी म्हणेन तेव्हाच लावायचं ना?"

"तेव्हाच."

वरच्या मजल्याचे दार आपल्या किल्लीने उघडून ते लिफ्टच्या छतावर उतरले. तेथे दुरुस्तीची एक कळ असते. ती फिरवली की लिफ्ट आतल्या माणसाचे काही ऐकत नाही, केवळ छतावरच्याचे ऐकते. त्यांनी कळ फिरवली, दार मिटवले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध नेऊन उभी केली.

"बाबा, थांबा."

"थांबलोच आहे. आता नीट ऐक. वर पाच दोर आहेत. चार तुटले तरी एकटा पाचवा तुला पेलतो."

"बाबा, खाली घ्या."

"आणि पाचही तुटले तरी रुळाला चिमटे बसतात. खाली जायचं म्हटलंस तरी जाता येत नाही."

ब्रेक कसा लागतो, वजनाचा ठोकळा समोरून कसा तोल धरतो, हे सारे त्यांनी अत्यंत मायेने विशद केले. आपली विद्या लेकरापुढे इतकी उघडून त्यांनी पूर्वी कधीच ठेवली नव्हती. पायांखाली प्रथम दारावर तळहात आपटले, नंतर नखे ओरखडली, नंतर काहीच नाही. घरघर थांबली की बिघाड गेला, हे त्यांचे आजवरचे शास्त्र. त्यांनी लिफ्ट खाली घेतली.

मुलगी कोपऱ्यात ताठ उभी होती. फ्रॉक ओला झाला होता.

"गेली भीती?"

"गेली."

"बघ," दाराशी येऊन उभी राहिलेली आत्या म्हणाली, "एका दुपारचं काम."

तेव्हापासून सांगाल तितक्या वेळा ती लिफ्टने जाई-येई. बाईंनी विचारले तर "छान वाटतं" म्हणे. बाईंनी वडिलांना बोलावून घेतले. त्यांनी घडलेली हकिकत अभिमानाने कथन केली.

"यापुढे ती घाबरली तर तुम्हाला कळणार नाही," बाई एवढेच म्हणाल्या. वडिलांना त्यात मत्सराचा वास आला.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी ते कामावरून परतले. गॅलरीत त्यांचे हत्यारांचे उभे कपाट होते. त्याच्या दाराला पाठ लावून थोरली पुस्तक वाचीत बसली होती. कपाटातून लहान तळहात आपटल्याचा आवाज येत होता.

"कोण आहे आत?"

"धाकटी. तिला अंधाराची भीती वाटायला लागलीय. वाढायच्या आत काढून टाकते." मग मान किंचित मागे वळवून ती मायेने म्हणाली, "घाबरू नकोस गं. कपाट भिंतीला चार खिळ्यांनी ठोकलंय. पडत नाही."

"दार उघड आधी."

"एवढ्यात नाही. अजून आपटतेय ती. गप्प झाली की उघडायचं ना, बाबा?"

त्यांच्या हातातली पेटी जमिनीला टेकण्यापूर्वीच आतला आवाज बंद झाला.

"झाली बरी," थोरली म्हणाली, आणि पुस्तकाच्या पानात बोट ठेवून बाजूला सरकली.