उघडा राहिलेला उजवा डोळा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. मला पाहून दचकू नका. माझा रंग शेवाळी आहे, कपाळावर तीन उंचवटे आहेत, डोळे बशीएवढे आहेत आणि नाकाच्या जागी नुसत्या दोन चिरा आहेत. नाकच नसल्यामुळे मला आयुष्यात कुणाला पाहून नाक मुरडता आले नाही, हा माझा एक गुण समजा. लोक मला परग्रहावरचा पाहुणा म्हणून ओळखतात, पण माझा जन्म एका शिलाई मशीनशेजारी झाला.

ज्या सिनेमासाठी मला बनवले त्याचे नाव होते 'छतावरचा पाहुणा'. तो कुठल्या पुस्तकावरून घेतलेला नव्हता, कुणाची नक्कलही नव्हती. दिग्दर्शकाने सगळी गोष्ट स्वतःच्या डोक्यातून काढली होती, आणि माझे चित्र एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर काढले होते. ते घेऊन तो मुखवटे करणाऱ्या कारागिराकडे गेला. कारागिराने सरळ हात जोडले, कारण असले तोंड त्याने कधी पाहिले नव्हते. मग दिग्दर्शक शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे गेला. त्या शाळेचे गणवेश आणि खुर्च्यांच्या गाद्यांची कव्हरे शिवत असत. चित्र उलटसुलट करून पाहत त्या म्हणाल्या, "असलं तोंड मीही कधी पाहिलं नाही. पण माप द्या, शिवते."

त्या बाईंना मी पुढे आत्या म्हणू लागलो. का, ते ओघात कळेलच.

माप दिले उंच नटाने, कारण मला घालून पाहुण्याचे काम तोच करणार होता. आत्याने रबराचे पातळ तुकडे कापले, स्पंज भरून कपाळाचे उंचवटे केले, आणि नटाचे गाल सोलवटू नयेत म्हणून आतून मऊ मलमलीचे अस्तर लावले. सगळ्यात नाजूक काम होते पापण्यांचे. प्रत्येक पापणीला आतून एक दोरा होता. दोन्ही दोरे गळ्यातून खाली उतरून एका कडीला बांधले होते. नटाने झग्याच्या आत लपवलेली ती कडी ओढली, की माझे दोन्ही डोळे हळूच मिटत आणि सोडली की उघडत. पहिल्यांदा मी डोळे मिटले तेव्हा आत्याने टाळी वाजवली होती. त्या वेळी खोलीत आम्ही दोघेच होतो.

आता तिची चूक सांगतो. मित्रांनो, शिवणारी माणसे आधी कच्चे टाके घालतात. कापड जागेवर नीट बसले, की त्यावर पक्की शिवण मारतात आणि कच्चा धागा काढून टाकतात. आत्याने डाव्या पापणीचा दोरा पक्का शिवला. उजवीचा कच्च्या टाक्यांवर अडकवला आणि ती चहा ठेवायला उठली. तेवढ्यात दिग्दर्शक दारात येऊन उभा राहिला. "झालं ना? द्या लवकर, गाडी खाली थांबलीय!" या गडबडीत उजवा डोळा कच्चाच राहिला. आत्याच्या हातून असे आधी कधी झाले नव्हते.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगतो. दूरच्या ग्रहावरचा पाहुणा एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या छतावर उतरतो. त्याला बोलता येत नाही. 'हो' म्हणायचे असेल तर तो दोन्ही डोळे मिटतो. घड्याळजी त्याला घड्याळे दुरुस्त करायला शिकवतो, दोघांचा जीव एकमेकांवर जडतो, आणि शेवटी पाहुण्याला घरी परतावे लागते. घड्याळजी छतावर उभा राहून विचारतो, "परत येशील ना रे?" यावर पाहुण्याने दोन्ही डोळे मिटायचे आणि निघून जायचे, असा तो शेवट होता.

तो प्रसंग चित्रीकरणाच्या शेवटच्या संध्याकाळी घेतला. ऊन उतरत होते आणि ते घर दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामे करून द्यायचे होते. घड्याळजीने प्रश्न विचारला, नटाने कडी ओढली, आणि माझ्या आत काहीतरी तटकन तुटले. डावा डोळा मिटला. उजवा टक्क उघडाच राहिला. मला सोडवून, शिवून पुन्हा नटाच्या चेहऱ्यावर चिकटवायला दोन तास लागले असते आणि ऊन तर पाच मिनिटांचे सोबती होते. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "असू दे. चालवून घेऊ."

पहिल्या खेळाला मला पडद्याशेजारी काचेच्या पेटीत ठेवले होते, प्रेक्षकांकडे तोंड करून. म्हणूनच मी माझा सिनेमा कधी पाहिलेला नाही. मी फक्त तो पाहणारी माणसे पाहिली आहेत. आत्या तिसऱ्या रांगेत होती, नवी साडी नेसून. शेवटचा प्रसंग आला, सभागृह शांत झाले, आणि मागून कुणीतरी ओरडले, "अरे, म्हाताऱ्याला डोळा मारला!" मग काय विचारता! शिट्ट्या सुरू झाल्या, लोक पोट धरधरून हसू लागले. आत्या उठली आणि वाकून, कुणाच्या पायावर पाय न देता, रांगेतून बाहेर पडली. त्यानंतर तिने सिनेमाचे एकही काम घेतले नाही. मला फार वाईट वाटले. माझ्यापाशी आवाज असता तर मी ओरडून सांगितले असते, की चूक एका टाक्याची होती, आख्ख्या बाईची नव्हे.

सिनेमा आठवडाभरात उतरला आणि मी गोदामात गेलो. तिथे मला कुणीतरी उलटे ठेवले आणि माझ्यात रंगाचे ब्रश खोचले. परग्रहावरचा पाहुणा ब्रशांचा डबा झाला. गळ्याला भेगा पडल्या, एक शिवण उसवली. मी तक्रार कुणाकडे करणार?

पण बाहेर काहीतरी वेगळेच चालले होते, ते मला फार उशिरा कळले. त्या हसणाऱ्या गर्दीत काही लहान मुले होती, आणि ती हसली नव्हती. ती घरी जाऊन आरशासमोर डावा डोळा मिटायचा सराव करत होती. ती मोठी झाली, जिथे तिथे हा सिनेमा शोधून पाहू लागली, दुसऱ्यांना धरून धरून दाखवू लागली. दर वर्षी एक दिवस ठरवून जुन्या थिएटरात जमू लागली. घड्याळजीचे प्रत्येक वाक्य तो बोलायच्या आधी यांच्या तोंडी तयार! एकमेकांना भेटल्यावर ती हात हलवत नसत. डावा डोळा सावकाश मिटत आणि उजवा उघडा ठेवत. तीच त्यांची खूण होती.

तो एकच डोळा का मिटला, यावर त्यांनी काय काय डोके लढवले म्हणून सांगू! भूगोलाच्या एका बाईंनी अकरा पानांचा लेख लिहिला, की त्या ग्रहाला दोन सूर्य असल्याने तिथले जीव दोन्ही डोळे एकदम मिटूच शकत नाहीत. दातांचे एक डॉक्टर म्हणत, की तो अर्धा 'हो' आहे, कारण पाहुण्याला खोटे बोलता येत नाही. आणि सगळ्यांचा लाडका अर्थ एका बस कंडक्टर ताईचा होता. ती म्हणायची, "एक डोळा निरोपाचा. दुसरा डोळा म्हाताऱ्यावर. लक्ष आहे माझं तुझ्यावर, असं सांगतोय तो." बिचारा कच्चा टाका! त्याच्याएवढा मान कुठल्या पक्क्या शिवणीला मिळाला नसेल.

गोदाम मोडीत निघाल्याचे कळताच ही कंडक्टर ताई रजा टाकून धावत आली. तिने मला ब्रशांसकट उचलले आणि अशी किंचाळली, की गोदामवाल्याच्या हातातले कुलूप खाली पडले. तिने मला मांडीवर घेऊन घरी नेले. तीस वर्षांनी मला कुणीतरी सुलटे धरले होते.

तिच्या गणवेशाच्या खिशावर माझ्या तोंडाचा बिल्ला असे. एके दिवशी बसमधली एक तरुणी तो पाहून म्हणाली, "हे तोंड माझ्या आत्यानं शिवलंय. पण घरात त्याचं नाव काढायची सोय नाही." कंडक्टर ताईने घंटी वाजवायच्या ऐवजी तोंडच वासले. त्या संध्याकाळी ती आत्याच्या दारात हजर झाली. यंदा सिनेमाला तीस वर्षे होत होती. आत्याने खेळाला यावे, एवढेच तिचे मागणे होते.

"मी येणार नाही," आत्या म्हणाली. "लोकांचं हसू मी एकदा ऐकलंय. पुरे झालं."

"आता कुणी हसत नाही हो, आत्या."

"बरं वाटावं म्हणून सांगू नकोस." मग तिने विचारले, "फाटलाय का कुठे?"

"गळ्याला भेगा आहेत. मागे उसवलाय."

"मग आण. तेवढं करून देते."

अशा रीतीने मी माझ्या जन्माच्या खोलीत परत आलो. मशीन तेच होते. आत्याचा चष्मा जाड झाला होता आणि सुईत दोरा ओवायला तिला चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागत होता. पण बोटे तीच होती. तिने भेगा भरल्या, मागची शिवण घातली, नवे अस्तर लावले. मग मला उलटे करून आत बोट घातले, आणि तुटक्या दोऱ्याचे टोक तिच्या हाताला लागले. ती बराच वेळ ते टोक धरून बसली. "तुझं तोंड मीच बिघडवलं रे," ती म्हणाली. माझ्या आतल्या मलमलीवर पाण्याचे दोन थेंब पडले. मग तिने डोळे पुसले, नायलॉनचा नवा दोरा घेतला आणि चार गाठी मारून उजवी पापणी पक्की केली. कडी ओढून पाहिली. माझे दोन्ही डोळे मिटले. तिने टाळी वाजवली नाही, पण तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. भाचीला हाक मारून ती म्हणाली, "सांग त्या पोरीला, मी येते म्हणून. आता तोंड दाखवायला हरकत नाही."

खेळाच्या दिवशी सकाळी आत्याने मला टॉवेलात गुंडाळून स्वतः आणले. पडद्यामागे कंडक्टर ताई आणि दातांचे डॉक्टर वाट पाहत होते. डॉक्टरांनी माझ्यात हात घालून कडी ओढली. दोन्ही डोळे मिटले. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू चुकीचा दात उपटला गेला असावा.

"चांगलं झालंय ना?" आत्याने विचारले.

"फार सुंदर झालंय," कंडक्टर ताई पटकन म्हणाली.

आत्या बसायला गेल्यावर डॉक्टर कुजबुजले, "अगं, चारशे माणसं आलीत हा उघडा डोळा बघायला! सांगू का आत्यांना, उजवा दोरा सोडा म्हणून?"

"खबरदार," ताई म्हणाली. "किती आनंदात आहेत त्या, बघितलंत ना? राहू दे, दोन्ही डोळे मिटू देत. आपल्याला काय, सिनेमात आहेच की तो." मित्रांनो, तीस वर्षे जपलेली गोष्ट कुणाचे मन राखायला अशी सोडून देणारी माणसे मी तेव्हा पाहिली. मला त्यांचा अभिमान वाटला.

मला पुन्हा पडद्याशेजारी ठेवले, प्रेक्षकांकडे तोंड करून. आत्या पुन्हा तिसऱ्या रांगेत होती. शेवटचा प्रसंग जवळ आला तशी तिने पिशवी छातीशी घट्ट धरली आणि मान खाली घातली. घड्याळजीने विचारले, "परत येशील ना रे?"

कुणी हसले नाही. शिट्टी वाजली नाही. इतकी शांतता पसरली, की आत्याला मान वर करावीच लागली. तिने आधी पडद्याकडे पाहिले, मग शेजारी, मग वळून मागे. सभागृहातल्या सगळ्या माणसांचा डावा डोळा मिटलेला होता आणि उजवा उघडा होता. म्हाताऱ्यांचा, तरुणांचा, भूगोलाच्या बाईंचा, डॉक्टरांचा. बापाच्या मांडीवर बसलेल्या एका चिमुरडीला एक डोळा मिटणे जमत नव्हते, म्हणून तिने उजवी पापणी दोन बोटांनी वर ओढून धरली होती. कंडक्टर ताईच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला भान नव्हते.

दिवे लागले तेव्हा मागे भूगोलाच्या बाई कुणाला तरी दोन सूर्यांचे समजावत होत्या, ते ऐकत आत्या कुणी बोलावण्याआधीच उठून माझ्यापाशी आली. तिने मला उलटे केले. पिशवीतून कात्री काढली. शिवणाऱ्या माणसाच्या पिशवीत ती असतेच. "आत्या, नको, राहू द्या!" कंडक्टर ताई ओरडली, पण तोवर माझ्या आत कट्‌कन आवाज झाला होता.

"मला वाटायचं, माझ्यामुळे तुमचा सिनेमा बिघडला," आत्या लोकांना म्हणाली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मागची माणसे पुढे आली. "तो टाका कच्चा राहिला होता. माझ्या हातून राहिला. दोन सूर्य वगैरे काही नव्हतं हो."

भूगोलाच्या बाई आधी हसल्या, मग सगळेच हसले. तीस वर्षांपूर्वीचे हसू आणि हे हसू यांत किती फरक होता, ते माझ्याइतके कुणाला कळणार? आत्याही हसली. मग तिने माझी कडी ओढली. माझा डावा डोळा मिटला, उजवा उघडा राहिला आणि चारशे माणसांनी तिला तीच खूण केली. तिने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. तिला एक डोळा मिटणे जमेना, दोन्ही मिटत होते. शेवटी ती चिमुरडी पुढे आली आणि तिने आपल्या दोन बोटांनी आत्याची उजवी पापणी वर धरली.

मित्रांनो, आता मी कंडक्टर ताईच्या घरी कपाटात असतो. ऊन लागू नये म्हणून पडदा आहे, आणि वर्षातून एकदा आत्या येऊन अस्तर तपासते. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. जुन्या वस्तू तर जपाच, त्यांच्यात ब्रश खोचू नका. पण एखादी गोष्ट तुम्हाला मनापासून आवडली, तर ती ज्याने केली त्याला शोधून काढा आणि लवकर सांगा. तो कदाचित अजून तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला असेल.