बिनकडीचं दार

माझ्या लेकीच्या सासरी न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. वर्षभर मी हे ज्याला त्याला सांगत सुटले होते. मी घरी पडदे शिवते. माप घेऊन आलेली बाई घटकाभर टेकतेच, आणि टेकलेल्या बाईला काहीतरी ऐकवायला नको का? "एवढं मोठं घर, फरशीत तोंड बघून घ्यावं, आणि आत गेलं की सारखं खाकरत राहायचं, बाहेरच्याला कळावं म्हणून," असं म्हणून मी खाकरून दाखवायचे. बायका पोट धरून हसायच्या. विहीणबाईंचं मी नावच पाडलं होतं, 'बिनकडीच्या'. लेक चिडायची. "आई, पुरे की आता," म्हणायची. मी कसली पुरे करतेय.

खरं सांगायचं तर माझा राग कडीवर नव्हताच. विहीणबाईंचं सगळंच मेलं नेटकं. आवाज चढवणार नाहीत, कुणाला नावं ठेवणार नाहीत. अशा बाईसमोर बसलं की आपलीच जीभ आपल्याला लांब वाटायला लागते. त्यात लग्न ठरताना मी एक थाप मारून ठेवली होती. त्यांचे पिकलेले केस बघून म्हणाले होते, "आमच्या घराण्यात, बाई, दात शेवटपर्यंत टिकतात." हे बोलताना माझ्या तोंडात वरची अख्खी कवळी होती.

परवाच्या रविवारी त्यांनी आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि विहीणबाईंनी सफरचंदं चिरून आणली. सालासकट, चांगल्या जाड फोडी. लेकीला माझ्या कवळीचं ठाऊक होतं, तिनं हळूच ताटली पलीकडे सरकवली. पण व्याह्यांनी ती परत माझ्यापुढे धरली. "घ्या की, तुमचे तर दात मजबूत." माझा नवरा मान खाली घालून मिशीत हसला. मग काय, मी हट्टाला पेटले आणि एक फोड तोंडात टाकली.

चावता येईना. कवळी टाळ्यापासून सुटून डुगडुगायला लागली. थुंकावं तर सगळे समोर. तेवढ्यात व्याह्यांनी पडद्याच्या कापडाचं काहीतरी विचारलं. उत्तर द्यायचं म्हणून मी ती फोड तशीच गिळायला गेले आणि ती घशात अडकून बसली.

खोकावं तर खोकला येईना. श्वास आत जाईना. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर एकच, की इथे नको, यांच्यासमोर नको. कवळी त्या टेबलावर पडण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी तोंडाला रुमाल लावला, हसल्यासारखं केलं, हातानं 'आलेच' अशी खूण केली आणि न्हाणीघर गाठलं. दार लोटलं. कडी कुठली असायला? मग मी पाण्यानं भरलेली स्टीलची बादली ओढून दाराला लावली. जीव चाललाय आणि बाई बादली ओढतेय. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बेसिनवर वाकले. आरशात तोंड काळंनिळं दिसत होतं आणि दोन्ही हात आपोआप गळ्याशी गेले होते. तेव्हा कुठे मी घाबरले. बाहेर माझा नवरा काहीतरी सांगून हसत होता. त्याला हाक मारायची होती, पण घशातून आवाजच निघत नव्हता.

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि बादलीला अडलं. पुन्हा जोरात धक्का बसला, बादली कलंडली आणि विहीणबाई अनवाणी पाण्यातून आत आल्या. "घशात अडकलंय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मला कमरेतून पुढे वाकवलं, एक हात छातीशी आधाराला धरला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत रट्टे घातले. चांगले पाच, दयामाया न करता. फोड हलली नाही. मग त्या माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवली, ती दुसऱ्या हातानं धरली आणि आत आणि वर असा हिसका दिला की माझ्या टाचा उचलल्या गेल्या. एकदा. परत एकदा. तिसऱ्या हिसक्याला फोड बेसिनमध्ये जाऊन पडली आणि तिच्यामागोमाग कवळी.

श्वास आला तो एवढा मोठा आवाज करत की बाहेरचे सगळे दाराशी जमा झाले. मी बेसिन धरून रडत होते. कपडे ओले झाले होते, आणि ते नुसते बादलीच्या पाण्यानं नव्हे. कवळी सगळ्यांसमोर दात विचकून पडली होती. व्याही बघत होते, जावई बघत होता. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते. विहीणबाईंनी कवळीवर टॉवेल टाकला. "श्वास आलाय. आता आमचं आम्ही बघतो, जा तुम्ही," असं म्हणून त्यांनी पायानंच दार लोटलं. तेव्हा मला फरशीवरचं पाणी लाल दिसलं.

"तुमचा अंगठा," मी बोळक्या तोंडानं म्हणाले.

त्यांनी खाली बघितलं. बादलीच्या काठानं नख अर्धं उचकटलं होतं. "हो की," म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. मग मला एकेक सांगायला लागल्या. "आधी नळाच्या पाण्यानं धुवा. आता त्या फडताळातला धुतलेला रुमाल घ्या आणि दाबून धरा. जोरात. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. आणि पाय जरा वर राहू दे." मी ओल्या फरशीवर बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा दाबून धरला.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"तोंडाला रुमाल लावून, हसत कुणी जेवणावरून उठलं की मला बसवत नाही." मग त्या म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण अशीच उठली होती. चारचौघांत शोभा नको म्हणून न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. आम्हाला वाटलं, मळमळत असेल, लाजतेय बिचारी, राहू दे एकटी. दार फोडेपर्यंत सगळं संपलं होतं. मग मी हे शिकून घेतलं, आणि घरातली ती कडी काढून टाकली."

त्या कडीवरून मी खाकरून दाखवत होते. बायकांना हसवत होते.

"लोक हसतात," विहीणबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे मला." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, अंगठ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, मी पाडलेल्या नावासकट. आणि तरी त्या माझ्या मागे धावत आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. दातांशिवाय तेही धड आलं नाही.

"हात सैल पडतोय तुमचा," त्या म्हणाल्या. "दाबून धरा."

नंतर मी नको नको म्हणत असताना त्या मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. पोटावर एवढा दाब आला की आत काही दुखावलंय का ते बघावंच लागतं, म्हणाल्या. माझं पोट तपासून झालं, त्यांच्या अंगठ्याला पट्टी झाली. लेकही सोबत आली, पण येता-जाता माझ्याकडे पाठ करून बसली, आणि मला तिचा राग आला नाही.

घरी आल्याबरोबर मी शिवणयंत्राच्या खणातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि आमच्या न्हाणीघराच्या कडीशी झटायला लागले. स्क्रू गंजलेले, वाकलं की पोट दुखत होतं. नवरा मागे येऊन उभा राहिला.

"अगं, हे काय? घरात सारख्या बायका येतात. काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला पाठ आहे," मी म्हणाले. "मीच शिकवलंय त्यांना."