लाईन आल्यावर

चंद्रपुरात लाईन जाण्याचे कुणाला नवल वाटत नसे. कोळसा इथला, पाणी इथले, धूर इथल्या माणसांच्या छातीत. वीज मात्र तारांवरून दूर निघून जाई आणि इथे दिवसातून कितीदा तरी पंखे बंद पडत. दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत बसे, पिठाच्या गिरणीवाला विडी पेटवी. लाईन आली की पोरे ओरडत आणि कामे पुढे सुरू होत. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती, की त्या मधल्या वेळात एखाद्याचे आयुष्य मोडेल असे कुणाच्या मनातही येत नसे.

इंदुताई रामटेके यांच्या मनात ते सतत येई. इथल्याच एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात त्या मायक्रोप्रोसेसर हा विषय शिकवीत. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली, धानोऱ्याकडच्या खेड्यातून शिकून वर आलेली ही बाई. नोकरी हंगामी, दरवर्षी नव्याने मिळणारी. ज्या यंत्रांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्यांच्यासाठी प्रोग्रॅम कसे लिहावेत यावर त्या नागपूरला संशोधन करीत होत्या. त्यासाठी सुट्टीत धानाच्या गिरण्या, खाणी, कारखाने हिंडत आणि अपघात कसा झाला ते विचारत. या विषयाला भविष्य नाही, असे त्यांच्या मार्गदर्शकांनीच त्यांना सांगितले होते. वर्गात कुठलाही प्रोग्रॅम चालला, की त्या मुलाला विचारत, "चालला, छान. आता हा चुकला तर कुणाला लागेल ते सांग." मुले मागे हसत आणि मॅडमना अपशकुनी म्हणत.

भैयाजी मोहुर्ले हा त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. मूल गावच्या माळ्याचा मुलगा. शेवटच्या वर्षाला त्याने अहेरीच्या वाटेवरच्या एका खासगी कागद कारखान्यासाठी नियंत्रणाची पेटी बनवली. जंगलातून आलेल्या बांबूचे तुकडे करणारे एक मोठे यंत्र तिथे होते. कामगार त्याला चिपर म्हणत. लाईन गेली की चिपर बंद पडे आणि लाईन आल्यावर कुणीतरी जाऊन हिरवे बटण दाबीपर्यंत उभाच राही. त्यात फार वेळ जातो, अशी मॅनेजरची तक्रार होती. भैयाजीच्या पेटीत एक छोटी बॅटरी होती. लाईन गेली तरी यंत्र चालू होते की बंद, हे पेटीला आठवत असे. लाईन आली की ती स्वतःच यंत्र पुन्हा सुरू करी.

कॉलेजात तिचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुखांनी भैयाजीची पाठ थोपटली. इंदुताईंनी मात्र विचारले, "लाईन आल्यावर ही पेटी कुणाला विचारून यंत्र सुरू करते?"

भैयाजी म्हणाला, "विचारायचं कशाला मॅडम? तेच तर हिचं वैशिष्ट्य आहे."

"आणि तेव्हा कुणाचा हात आत असला तर?"

"हात कशाला घालेल कुणी? पाटी लावू आपण."

विभागप्रमुखांनी हसून विषय बदलला. पाहुण्यांसमोर असले काही काढू नये, असे नंतर बजावलेही. इंदुताई गप्प बसल्या. वर्ष संपत आले होते आणि नोकरीचा कागद अजून हातात पडायचा होता. भैयाजीला पहिला क्रमांक मिळाला, त्यात इंदुताईंनी दिलेले गुणही होते. पुढे कारखान्याने पेटी बसवली आणि भैयाजीला नोकरीही दिली. तशाच पेट्या मग आणखी काही गिरण्यांनी करून नेल्या.

कारखान्यात पाटी लागली. ती इंग्रजीत होती.

दिवाळीच्या आधी, भर दुपारी, लाईन गेली. चिपर थांबला. त्याच्या तोंडाशी, बांबू आत ओढणाऱ्या रुळांमध्ये, एक वाकडा बांबू अडकून बसला होता. सोमाजी दुर्गे तिथे वर्षानुवर्षे बांबू लावत आला होता. अडकलेला बांबू लाईन गेल्यावर काढायचा, हेच तिथले सगळे जण करत आले होते. लाईन नाही म्हणजे यंत्र मेलेले, आणि ते जिवंत करायला माणूस लागतो, ही त्यांची समजूत होती. ती समजूत खोटी ठरवणारी पेटी आता भिंतीवर आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते. सोमाजीने बांबूला हात घातला. तेवढ्यात लाईन आली.

उजवा हात कोपरापर्यंत गेला.

कामगार निष्काळजीपणे वागला, असे कारखान्याने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यात भर पडली, की तो मोहाची मारून आला होता. हे पहिल्यांदा कोण बोलले ते कुणालाच ठाऊक नाही, पण अहेरीपासून चंद्रपूरपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक झाले. सोमाजीच्या घरात दारू येत नसे. त्याच्या बापाने दीक्षा घेतली त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर गेली ती गेलीच. पण हे विचारायला कोण जातो? कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विभागप्रमुख वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले, की अडाण्यांच्या हाती आधुनिक यंत्र दिले की असेच व्हायचे. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. इंदुताई उठल्या आणि सरकारी दवाखान्यात गेल्या.

सोमाजी खाटेवर छताकडे पाहत पडला होता. त्याची बायको रुखमाबाई उशाशी बसून होती. आधी दोघेही बोलेनात. साहेबलोकांपैकीच कुणी आली असेल असे त्यांना वाटले. इंदुताईंनी आपले गाव सांगितले, बापाचे नाव सांगितले, तेव्हा सोमाजीने मान वळवली.

"लाईन नोती, बाई," तो म्हणाला. "लाईन नोती म्हनूनच त हात घातला. मंग बटन दाबल्याबिगर मशीन चालली कशी, थेच मले समजून नाई राह्यलं."

इंदुताईंना ते चांगलेच समजले होते. 

त्यांनी भैयाजीला निरोप पाठवून कॉलेजात बोलावून घेतले. तो आला तेव्हा प्रयोगशाळेत तास चालू होता. टेबलावर त्याच्याच पेटीची कॉलेजात ठेवलेली दुसरी प्रत होती आणि तिला एक टेबलफॅन जोडला होता. फॅनची जाळी काढून टाकलेली होती. इंदुताईंनी बटण दाबले, फॅन फिरू लागला. मग त्यांनी पेटीची वायर भिंतीतून उपसून काढली. पाती फिरत फिरत थांबली.

"भैयाजी, लाईन गेली," त्या म्हणाल्या. "पात्यांत हात घाल."

भैयाजीने हात पुढे केला. पात्यांच्या जवळ जाऊन तो थांबला, आणि त्याने तो मागे घेतला.

"का रे? लाईन तर नाही."

इंदुताईंनी वायर पुन्हा खोचली. कुणी काही न करता पाती गरगर फिरू लागली.

"तुला माहीत होतं म्हणून तू हात मागे घेतलास," इंदुताई म्हणाल्या. "सोमाजीला कुणी सांगितलं होतं? हिरव्या बटणाच्या जुन्या स्टार्टरला अक्कल नव्हती, म्हणून तो माणसाची वाट पाहत उभा राहायचा. आपण त्याला शहाणं केलं आणि वाट पाहणंच काढून टाकलं. तुझा प्रोग्रॅम चुकला नाही भैयाजी, त्याने तू सांगितलं तेच केलं. चुकलं ते सांगणं. आणि मला दिसत असून मी तुला गुण दिले, तेही चुकलं."

भैयाजी मान खाली घालून निघून गेला. पुढे बरेच दिवस त्याचा निरोप नाही की भेट नाही. मॅनेजरने त्याला गप्प राहायला सांगितले होते. घरी म्हातारा बाप होता, बहिणीचे लग्न ठरत होते. तो कामावर जाई, चिपरच्या बाजूला मात्र फिरकत नसे.

चौकशीला कारखान्यात सरकारी निरीक्षक आले. इंदुताई बोलावणे नसताना तिथे गेल्या आणि त्यांनी सगळे समजावून सांगितले. निरीक्षकांनी शांतपणे ऐकले. मॅनेजर मात्र हसला. म्हणाला, बाईंचा कारखान्याशी संबंध काय? जखमी माणूस त्यांच्या समाजाचा आहे, म्हणून त्यांना कळवळा आला. आणि तो माणूस शुद्धीत होता की नाही, हे आधी बघा.

इंदुताईंचा चेहरा उतरला. शिकून, नोकरी करून, इतकी वर्षे फळ्यासमोर उभे राहून शेवटी आपले बोलणे या एका वाक्याने पुसले जाते, हे त्यांना नवीन नव्हते. तरी ते दर वेळी नव्याने लागे.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून भैयाजी उठला.

"साहेब, तो शुद्धीत होता. शुद्धीत मी नव्हतो! प्रोग्रॅम मी लिवला. मॅडमनं तवाच मले विचारलं होतं, मी आयकलं नाई. लाईन आल्यावर मशीन आपोआप चालू होते, हे एकाबी मजुराले आमी समजावून सांगितलं नाई. पाटी लावली, थे इंग्रजीत." इतकी वर्षे जपून बोललेली कॉलेजातली भाषा त्याच्या तोंडून गळून पडली होती.

मॅनेजर हसायचा थांबला.

आता इथे सगळे नीट झाले असे लिहायला हात धजत नाही, कारण तसे झाले नाही. कामगाराची असावधानता आणि यंत्रातील त्रुटी, दोन्ही कारणे अहवालात शेजारी शेजारी आली. कारखान्याने गाजावाजा न करता पेटी काढून पूर्वीचे हिरवे बटण परत बसवले. भैयाजीला कामावरून कमी केले. पुढच्या वर्षी कॉलेजने इंदुताईंना कळवले, की त्यांच्या विषयासाठी जागा उरलेली नाही. सोमाजीला कारखान्याने फाटकावर बसवले. येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबाला तो डाव्या हाताने सलाम करू लागला.

भैयाजी त्याच्या घरी माफी मागायला गेला, तेव्हा इंदुताई सोबत होत्या. सोमाजी ओसरीवर बसून होता. त्याने "बसा जी" म्हटले. भैयाजी त्याच्या पायाशी वाकला, तशी रुखमाबाई आतून बाहेर आली.

"पाया पडून काय होते, भाऊ?" ती म्हणाली. "हात त काई येत नाई. पन लोक ह्यायले बेवडा म्हनून राह्यले. पोरगी पान्याले गेली, त तिले बी बेवड्याची पोरगी म्हनते. तुमाले माफी पायजे न? मंग बजारात जाऊन सांगा, का हा मानूस पेला नोता. आमी सांगतलं त कोनी आयकत नाई. तुमचं आयकतीन."

या शेवटच्या शब्दांतला कडवटपणा भैयाजीला पुरता कळला. आपले ऐकतील, कारण आपण शिकलेले. त्यांचे ऐकणार नाहीत, कारण त्यांचा फक्त हात गेला आहे.

अहेरीच्या आठवडी बाजारात, चहाच्या टपरीसमोर, भैयाजी उभा राहिला आणि मोठ्याने बोलला. सोमाजी दुर्गे प्यालेला नव्हता. यंत्र मी बनवले होते, दोष माझा होता. काही माणसे थांबली. कुणी म्हणाले, असं काय! एक जण हसला. मग माणसे पुन्हा मिरचीचा भाव करू लागली. सोमाजी बाजाराच्या कडेला झाडाखाली उभा राहून ऐकत होता. त्याने बायकोकडे पाहिले आणि दोघे घराकडे चालू लागले.

त्यानंतर भैयाजी आणि इंदुताईंनी एक काम हाती घेतले. तशा पेट्या जिथे जिथे गेल्या होत्या, तिथे तिथे ते दोघे एसटीने जाऊ लागले. भैयाजीने प्रोग्रॅम नव्याने लिहिला होता. आता लाईन आल्यावर पेटी थांबून राही आणि माणसाच्या हाताची वाट पाही. बदलून देण्याचे तो काही घेत नव्हता. काहींनी पेटी बदलून घेतली. मुलचेऱ्याकडच्या एका धानगिरणीच्या मालकाने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि नाही म्हणाला. पेटीमुळे त्याचा खूप वेळ वाचत होता.

"आमच्या इथी अजून काई झालं नाई," तो म्हणाला.

"सोमाजीच्या इथीबी आदल्या दिवशीपर्यंत काई झालं नोतं," भैयाजी म्हणाला. मालकाने चहाचे कप उचलायला सांगितले. आत यंत्राच्या पट्ट्याजवळ धान ओतणाऱ्या बायका बोलत होत्या. इंदुताई त्यांच्याकडे गेल्या आणि भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवून, लाईन गेल्यावर कशालाच हात लावू नका, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मालक बाहेर या म्हणेपर्यंत त्या सांगत होत्या.

वाचकहो, हे "अजून काही झालं नाही" आपण सारेच म्हणतो. घरातल्या उघड्या वायरीकडे पाहून म्हणतो, कारखान्यातल्या यंत्राकडे पाहून म्हणतो. आणि काही झाले, की ज्याला झाले त्याच्यावरच बोट ठेवतो. तो अडाणी होता, तो प्यालेला होता. ही सवय आपण सोडली पाहिजे. जो यंत्र बनवतो, जो शिकवतो, जो विकत घेतो, त्याने आधी त्या माणसाचा विचार करावा, ज्याचा हात त्या यंत्रात जाणार आहे. यंत्राला लाज नसते आणि पश्चात्तापही नसतो. ते दोन्ही माणसाकडे असतात. पण आपल्याकडे ते येतात नेहमी हात तुटल्यावर.