कोट आधी उडाला

माणूस उडू शकतो असं म्हणणाऱ्याला लोक तेव्हा थंड पाण्याने डोकं धुवायला सांगत. सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी डोकं धुतलं आणि विमान बांधायला घेतलं. गावात सगळ्यांच्या आधी आपण उडायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

बायकोची अट साधी होती. "आधी पोतं बसवा. ते धड राहिलं, तर तुम्ही बसा."

मिस्त्रींच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरली गेली. वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून पोत्याला मिस्त्रींचाच जुना कोट चढवला. विमानाचं शेपूट दोराने खुंट्याला बांधायचं, इंजिन चालवायचं, आणि पंखा थांबला की दोर सोडायचा, हे मेहुण्याचं काम. मेहुणा कामात चोख होता. विचार तेवढा करत नसे.

ती शेवटची चाचणी. उद्या मिस्त्री स्वतः बसणार होते.

इंजिन गुरगुरलं, खोकलं, पंखा मंदावला. मेहुण्याने सवयीने दोर सोडला. तेवढ्यात इंजिनाला पुन्हा हुरूप आला.

"अरे, धर! धर!"

"काय धरू, भाऊजी? गेलं ते!"

विमान कुरणावरून पळत सुटलं, आणि एका क्षणी त्याची चाकं आणि गवत यांच्यात नुसती हवा उरली. मिस्त्रींचा आ वासलेला तसाच राहिला. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट डोक्यावरून चालली होती, त्यांचा कोट घालून.

कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "शाब्बास, मिस्त्री!"

मिस्त्री मटकन खाली बसले.

टाकीत चाचणीपुरतंच तेल होतं. ते संपलं, तसं विमान अलगद खाली उतरत गेलं आणि कुरणाच्या दुसऱ्या टोकाला टेकलं. एक काडी मोडली नाही. कोटाचं बटणसुद्धा जागेवर.

मिस्त्री, मेहुणा आणि बायको धावत पोचले. मिस्त्रींनी सुकाणूचा दांडा चाचपला. तो मधोमध होता, जसा ठेवला होता तसा.

"मी तर चाकं सुटली की हा जोरात मागे ओढणार होतो," ते पुटपुटले. "रात्रंदिवस तीच तालीम केलीय."

"मग?" मेहुण्याने विचारलं.

"मग काय? नाक वर, वेग खलास, आणि मी दगडासारखा खाली." त्यांनी दांड्यावरचा हात काढून घेतला.

बायकोने पोत्याकडे नीट बघून घेतलं. मग तिने कोट उतरवला, झटकला आणि नवऱ्याच्या खांद्यावर टाकला.

"उद्या बसा," ती म्हणाली. "पण ह्या पोत्यासारखे बसा. घरी जमतं की तुम्हाला!"