दोन नंबरची स्क्रीन

दसऱ्याच्या सकाळी पूजा मांडून झाली आणि सबनीसांचं स्वयंपाकघर दोन नंबरची स्क्रीन झालं. तसं कॉम्प्युटरनेच सांगितलं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन चौकटी आल्या. एक नंबरच्या चौकटीत हॉल होता, त्यात यशवंतराव सबनीस खुर्चीवर बसले होते. दोन नंबरच्या चौकटीत स्वयंपाकघर होतं, तिथे त्यांची बायको कुमुद श्रीखंडासाठी पुरणयंत्रातून चक्का काढत होती.

हे माळेमुळे झालं. कुमुदताई दरवर्षी दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या. विळी, शिलाई मशीन, मिक्सर, कॉम्प्युटर, कोणालाही हळदकुंकवातून सुटका नव्हती. यंदा झेंडू भरपूर आला होता, म्हणून त्यांनी एकच लांबलचक माळ ओवली आणि मॉनिटरवरून थेट स्वयंपाकघरातल्या मिक्सरपर्यंत नेली. ग्राफिक्स ड्रायव्हरने, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, माळेला केबल मानलं. माळ दोन्ही टोकांना नीट बांधलेली होती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

दोष द्यायचाच तर यशवंतरावांच्या घाईला द्यावा. पूजा हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो, हे कुमुदताई सकाळच्या चहापासून सांगत होत्या. पण मुलाने, नचिकेतने, पुण्याहून पाठवलेल्या नव्या मॉनिटरवर अक्षरं फुगलेली दिसत होती आणि यशवंतरावांना ते आदल्या दिवसापासून सलत होतं. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणत त्यांनी फूल बाजूला केलं, कुंकू रुमालाने पुसलं आणि नवा ड्रायव्हर चढवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते लग्नातल्या नवऱ्याला, पण साठीतल्यालाही ते छान बसतं.

पहिला घोळ असा की दोन नंबरची चौकट एकच्या डावीकडे होती. खरं स्वयंपाकघर हॉलच्या उजवीकडे. आता उजवीकडे जावं तर दाराच्या जागी भिंत लागायची. कुमुदताई चहा घेऊन आल्या त्या डावीकडच्या शोकेसमधून, नचिकेतच्या ट्रॉफ्यांना पदर लागू न देता.

"हे असंच राहणार का?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं थांब. सरकवतो."

त्या कप ठेवून शोकेसमधून परत गेल्या. चक्का अर्धा राहिला होता.

यशवंतरावांनी दोन नंबरची चौकट माऊसने धरली आणि उजवीकडे ओढली. ती उडी मारून डावीकडे परत आली. पुन्हा ओढली, पुन्हा परत. मग माऊसचा बाणच दिसेनासा झाला. त्यांनी माऊस आपटला, टेबलावर घासला, त्याच्या पोटातला दिवा बघितला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, की तुमचा बाण इकडे आलाय, साखरेच्या डब्यावर बसलाय.

"त्याला हात लावू नकोस," यशवंतराव ओरडले.

"नाही लावत," कुमुदताई म्हणाल्या.

हे त्यांना नवीन नव्हतं. कॉम्प्युटर घरात आल्यापासून त्याला हात न लावणं हे त्यांचं काम होतं. एकदा त्यांनी कीबोर्डवरची धूळ फडक्याने पुसली होती, तर घरात अबोला झाला होता. वर्षातून एकदा हळदकुंकू लावण्यापुरती त्यांना परवानगी होती आणि तेही यशवंतराव बारकाईने बघत बसायचे.

बाण परत आला. या वेळी चौकट उजवीकडे बसली खरी, पण वर सरकून. एकचा वरचा कोपरा आणि दोनचा खालचा कोपरा, एवढाच काय तो संबंध राहिला. शोकेस पुन्हा शोकेस झालं. हॉलच्या उजव्या कोपऱ्यात, छताला लागून, पोळी जाईल एवढी फट पडली. स्वयंपाकघर आता त्या फटीच्या पलीकडे, वरच्या अंगाला होतं.

त्यांनी नचिकेतला फोन लावला. तो म्हणाला, रिस्टार्ट करा. मग म्हणाला, आईला द्या जरा.

"आई दोन नंबरला आहे."

"बरं," नचिकेत म्हणाला. "मग केबल काढून परत लावा ना."

यशवंतरावांनी माळेची मॉनिटरकडची गाठ सोडली. दोन नंबरची चौकट विझली. पुरणयंत्राची कुरकुर थांबली, फोडणीचा वास थांबला, आणि छताजवळची फट लिंपल्यासारखी बुजली. त्यांनी "कुमुद" म्हणून हाक मारली तर ती हाक हॉलच्या आतच फिरून त्यांच्याकडे परत आली. घाईघाईत गाठ बसेना. शेवटी दातांत दोरा धरून त्यांनी माळ बांधली. फट उघडली. पलीकडे कुमुदताई जशाच्या तशा उभ्या होत्या, पुरणयंत्राच्या मुठीवर हात ठेवून.

"आता काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," यशवंतराव म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. पुन्हा माळेला हात लावायचा नाही, एवढं मात्र त्यांनी ठरवलं.

दुपार अशीच गेली. कुमुदताईंनी फटीतून श्रीखंडाची वाटी दोरीने खाली सोडली, ती यशवंतरावांनी टेबलावर ठेवली आणि विसरले. एक सेटिंग सुधारावं तर दुसरं बिघडायचं. उंची कमी केली तर हॉलचं छत खाली आलं आणि पंखा डोक्याला लागायला लागला. म्हणून पंखा बंद करावा लागला. पाहिजे ते बटण नेहमी चौकटीच्या कडेबाहेर अर्धं दिसायचं आणि तिथे बाण पोचायचा नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा त्यांनी उद्धार केला. काही फरक पडला नाही.

मग त्यांना एक पर्याय दिसला: "हीच मुख्य स्क्रीन करा." हॉल मुख्य झाला तर बाकीचं त्याच्या भोवती आपोआप लागेल, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी खूण केली. ती दोन नंबरवर पडली.

हॉलचं पुढचं दार गेलं. त्याच्याबरोबर चपलांचं कपाट, कॅलेंडर, घड्याळ आणि बेलही गेली. सगळं फटीपलीकडे नीट ओळीने जाऊन लागल्याचा आवाज आला. हॉलमध्ये निळसर भिंती, टेबल आणि यशवंतराव एवढंच उरलं.

पलीकडे बेल वाजली. कुमुदताईंनी दार उघडलं. शेजारच्या कर्णिकबाई आपट्याची पानं घेऊन आल्या होत्या. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, असं झालं. सीमोल्लंघनाला येताय ना, कर्णिकबाईंनी विचारलं. येते, कुमुदताई म्हणाल्या. मग आवाज खाली करून काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या. कुमुदताई कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात, असं यशवंतरावांना वाटलं, आणि ते त्यांना सहन झालं नाही. ते खुर्चीवर चढले. फटीतून बायकोचा खांदा, हिरवी साडी आणि उघड्या दारातलं पिवळं ऊन दिसलं.

"कुमुद, अगं, थांब. मी मागचं सगळं परत आणतो."

"अहो, इथे भिंतीवर काहीतरी आलंय," कुमुदताई म्हणाल्या.

"काय आलंय?"

त्यांनी सावकाश वाचलं. हे बदल ठेवायचे का? उत्तर आलं नाही तर सगळं आधीसारखं होईल. खाली 'ठेवा' आणि 'नको' अशी दोन बटणं आहेत आणि आकडे कमी कमी होतायत.

यशवंतरावांचा जीव भांड्यात पडला. "काही करू नकोस," ते म्हणाले. "हात लावू नकोस, आपोआप होईल आधीसारखं."

"आधीसारखं म्हणजे कधीसारखं?" कुमुदताईंनी विचारलं.

त्यांना सकाळसारखं म्हणायचं होतं. पण सकाळ आठवली तशी त्यांना ती चहाचा कप धरून तेच तेच सांगणारी बायको आठवली आणि आपण वरही न बघितलेलं आठवलं. त्याच्या आधीची सकाळही तशीच होती. ते एकेक मागे जात राहिले आणि सांगण्यासारखं काही सापडेना.

"मी हात लावते," कुमुदताई म्हणाल्या.

त्यांनी ओला हात पदराला पुसला. यशवंतराव टाचा उंचावून फटीला डोळा लावून उभे होते. त्यांना हिरव्या बांगड्या दिसल्या आणि वर जाणारं कोपर दिसलं. बोट फटीच्या कडेबाहेर होतं.